पत्ता आणि ऐपत

स्मरणिकेच्या संपादक मंडळानं माझ्याकडे मागितला होता तो लेख वेगळा होता. ‘आपल्या बॅचमधून उच्च शिक्षणासाठी परदेशी गेलेले’ असा विषय, सोबत नावं, देश, पदव्या. ती यादी या अंकात शेवटी आहेच आणि ती चार नावांत संपते. पण या निमित्तानं फोनाफोनी केली तेव्हा कळलं की आपल्या १९८३ च्या दहावीच्या दोन तुकड्यांतून पुढे अर्ज केलेले, आणि न गेलेले, आणखी सहा-सात जण होते. त्यांची यादी कुठेच नाही. म्हणून मी जाणाऱ्यांऐवजी अर्जाचाच इतिहास लिहायचं ठरवलं. इतिहास हा माझा विषय नव्हे, मी यंत्रांमधली; पण निवृत्ती जवळ आली की माणूस जुनी कागदपत्रं वाचायला लागतो, तशी मीही लागले.

वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करायला दोन गोष्टी लागतात. कुणाला लिहायचं हे ठाऊक हवं, म्हणजे पत्ता. आणि आपल्यामागे कुणीतरी उभं आहे हे कागदावर दाखवता यायला हवं, म्हणजे ऐपत. हुशारी लागतेच, पण या दोन फाटकांतून आत गेल्यावरच तिची तपासणी सुरू होते.

आपल्याकडे या इतिहासाची सुरुवात पोस्टातून होते, अगदी शब्दशः. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव पोस्टात कारकून होते. १८७८ मध्ये त्यांनी कोल्हापुरातून अमेरिकन मिशनऱ्यांच्या मार्फत पत्र धाडलं: बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, काही सोय होईल का? ते पोचलं प्रिन्स्टनला, रॉयल वाइल्डर यांच्याकडे. हे वाइल्डर स्वतः कोल्हापुरात मिशनचं काम करून परतलेले. उत्तरात त्यांनी ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि पत्र व उत्तर दोन्ही आपल्या मासिकात छापून टाकलं. प्रकरण तिथेच संपायचं. पण १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांनी चाळला आणि घरी जाऊन थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पत्ता मिळाला तो असा. या हकिकतीत दातदुखीचाही वाटा आहे, हे मला फार आवडतं.

आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या आणि कार्पेंटरबाईंच्या घरी राहूनच त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. ते पत्र जपलं गेलं आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करत नसू, हे त्या आधीच मान्य करतात. पुढे म्हणतात की आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निश्चय जमेस धरा, कारण माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हाती जाण्यापेक्षा मरण पत्करतात. आज मुलं ज्याला ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणतात आणि ज्यासाठी क्लासवाले हजारो रुपये घेतात, त्याचा याहून चांगला नमुना माझ्या तरी पाहण्यात नाही. पानभर मजकूर, स्वतःच्या गुणांची जाहिरात नाही, आणि ‘मला का शिकायचंय’ याचं उत्तर दुसऱ्या कुणाला लागूच पडणार नाही असं. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. पुढचं आपल्याला ठाऊक आहे.

त्यानंतर ऐपतीचा प्रश्न काहींसाठी तरी सोडवला जमशेटजी टाटांनी. १८९२ मध्ये त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी सुरू केला. त्याच्या पहिल्या लाभार्थींत दोन डॉक्टर स्त्रिया होत्या, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. हे पैसे कर्जाऊ होते: शिका, कमवा, परत करा, म्हणजे पुढच्याला देता येतील. १९५७ मध्ये जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच शिष्यवृत्तीवर. कर्ज या शब्दाकडे मी या लेखात पुन्हा येणार आहे. तेव्हाच्या कर्जाला तारण होतं ते विद्यार्थ्याचं डोकं.

परदेशी पदव्युत्तर पदवीचा सर्वांत अवघड अर्ज मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. आपण शाळेत त्यांच्या पदव्या पाठ केल्या, पण त्या मिळवताना किती कागदांवरून त्यांना चालावं लागलं हे कुणी सांगितलं नाही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे निघाले तेव्हा कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांच्या नावे परिचयाचं पत्र दिलं. म्हणजे पत्ता आता पक्का झाला होता. संपली ती ऐपत. शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि मला तीच मोठी वाटते. निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी काढून ठेवली. लेखी. मधल्या काळात बडोद्यात जातीमुळे राहायला जागा मिळेना. मुंबईला सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले. नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं, शाहू महाराजांनी मदत केली, आणि मुदत संपायच्या आत, १९२० च्या जुलैमध्ये, ते पुन्हा बोटीवर चढले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. तो परवानगीचा कागद आधी घेतला नसता, तर पैसे जमूनही दार बंद असतं. विद्यापीठाकडून प्रवेश पुढे ढकलून घेणं ही आज नेहमीची बाब आहे, पण तिचं मोल मला हे वाचूनच कळलं.

स्वातंत्र्यानंतर पत्ते हळूहळू वाढले. २ फेब्रुवारी १९५० ला भारत आणि अमेरिकेत फुलब्राइट करार झाला, शिष्यवृत्त्या आल्या, आणि माहिती देणारी कचेरी उघडली. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. अमेरिका दचकली आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या विभागांवर तिनं पैसा ओतला. प्रयोगशाळा वाढल्या, तिथे राबायला पदव्युत्तर विद्यार्थी हवे झाले, आणि त्यांना फी माफ करून वर महिन्याला पगार द्यायची पद्धत फोफावली. ‘असिस्टंटशिप’ हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांत शिरला तो त्यानंतर. तो नसता तर आपल्यासारख्यांची घरं या गोष्टीपासून कायम दूर राहिली असती. कारण इकडे परकीय चलनाची चणचण एवढी, की सत्तरच्या आसपास जाणाऱ्याच्या खिशात आठ डॉलर असत आणि बाकी सगळा भरवसा तिकडच्या प्राध्यापकाच्या पत्रावर.

आता आपला काळ. १९८८ चा पावसाळा.

वाईत तेव्हा विश्वकोशाची कचेरी होती. जगातल्या यच्चयावत विषयांची नोंद करणारं कार्यालय आपल्या गावात, खुद्द तर्कतीर्थ तिथे. पण अमेरिकेतल्या कुठल्या विद्यापीठात कुठला विभाग चांगला, हे सांगणारी जाडजूड निर्देशिका बघायला मुंबईला जावं लागे. न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन सेंटरमध्ये ती होती. पान फाडायची बंदी, झेरॉक्स महाग, म्हणून वहीत उतरवून घ्यायचं. मी पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होते. एका शनिवारी आम्ही तिघी पहाटेच्या गाडीनं गेलो आणि चाळीस पत्ते उतरवून रात्री परत आलो. त्या चाळिसांना एरोग्राम: कृपया माहितीपुस्तक आणि अर्जाचा नमुना पाठवावा. उत्तर यायला सहा आठवडे. काही विद्यापीठं आधी एक साधा फुकटचा फॉर्म पाठवत. तो भरून दिला की तुमचं काही जमेल का ते कळवत. अशा विद्यापीठांना आम्ही सज्जन म्हणत असू. कारण खऱ्या अर्जाची फी पंचवीस-तीस डॉलर आणि डॉलर १४-१५ रुपयांना. चाळीस पत्ते, पण फी भरून अर्ज पाच. मग पाच कुठले? या ‘पाच कुठले’वर आम्ही परीक्षेपेक्षा जास्त रात्री जागलो.

जी.आर.ई. आणि टोफेल या परीक्षांचे फॉर्मही त्यासाठी ड्राफ्ट जोडून प्रिन्स्टनच्या पत्त्यावर जात. गोपाळरावांचं पत्र जिथे गेलं, तेच गाव. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आपल्या वर्गात जी कायम पहिली यायची तिनंही त्याच वर्षी गणितासाठी अर्ज केला होता. नाव लिहू नकोस म्हणाली, पण तिनं आपली फाइल मला दिली. छत्तीस वर्षं तिनं ती ट्रंकेत ठेवली होती, आत कडुनिंबाचा पाला घालून. या लेखासाठी मी वाचलेल्या कागदांत तीच सर्वांत महत्त्वाची. तिची परवानगी घेऊनच पुढचं लिहिते आहे.

फाइलमधला पहिला कागद म्हणजे तिनं लिहिलेलं उद्देशाचं निवेदन, साडेतीन पानी, आणि त्यावर आपल्या इंग्रजीच्या सरांची लाल शाई. आपण शाळा सोडून पाच वर्षं झाली होती. तरी ती सुट्टीत सरांच्या घरी गेली होती. ‘लहानपणापासून मला आकड्यांची आवड’ या पहिल्या परिच्छेदावर सरांनी आडवी रेघ मारली आहे आणि समासात लिहिलं आहे, हे सगळेच लिहितील. चक्रवाढ व्याजाच्या गणितात सावकारानं वडिलांना कसं फसवलं हे तिनं आठवीत शोधून काढलं होतं, ती हकिकत तिसऱ्या पानावर होती. सरांनी ती बाणानं पहिल्या ओळीवर आणली आहे. साडेतीनाचं सव्वा पान झालं. सर, तुम्ही हे वाचत असाल तर, तुमच्या त्या बाणाचं काम झालं. तिला पाचांपैकी तीन ठिकाणी प्रवेश मिळाला होता.

शिफारसपत्रं टाइप करून, पाकिटं बंद करून, चिकटवलेल्या जागेवर प्राध्यापकांची आडवी सही. विद्यापीठाची गुणपत्रकंही तशीच सीलबंद हवीत. त्यासाठी तिनं चार खेपा घातल्या, प्रत्येक खेपेच्या एस.टी.च्या तिकिटांवर टाचणी टोचून ठेवली आहे. तिकडून येणाऱ्या पाकिटांचं शास्त्र आपल्या पोस्टमनलाही कळायला लागलं होतं. जाड पाकीट असलं की तो आळीच्या तोंडापासून हाक मारत येई. पातळ असलं तर गुपचूप दारात सरकवून जाई.

तीन जाड पाकिटं आली. असिस्टंटशिप एकातही नव्हती. एका विभागानं लिहिलं होतं की पहिल्या सहामाहीचे गुण पाहून विचार करू. ते वाक्य आशेचं की नकाराचं, यावर आम्ही दोघी कृष्णेच्या घाटावर बसून दोन संध्याकाळी भांडलो होतो. मला ते नकाराचं वाटत होतं. आजही फाइल वाचताना ते आशेचं वाटत नाही. पण पहिल्या सहामाहीपर्यंत पोचायचं तर व्हिसा हवा, व्हिसासाठी आय-ट्वेंटी हा फॉर्म हवा, आणि आय-ट्वेंटीसाठी वर्षाच्या खर्चाची सोय दाखवायला हवी. तिच्या कागदावर आकडा आहे ११,२०० डॉलर. त्या वेळच्या भावानं पावणेदोन लाखांच्या वर.

यापुढचे कागद इंग्रजीतून मराठीत येतात. सातबाऱ्याचा उतारा, सव्वातीन एकर जिरायत, नावं चार भावांची सामाईक. मामलेदार कचेरीचा ऐपतीचा दाखला, रुपये बासष्ट हजार. दागिन्यांचा सोनारानं दिलेला अंदाज. जमीन तारण ठेवायची तर चारही भावांच्या सह्या लागत होत्या. संमतिपत्राच्या मुद्रांकावर तीन सह्या आहेत. चौथ्या जागी नुसतं नाव टाइप केलेलं. त्या चुलत्यांचं म्हणणं एकच होतं, पोरगी लग्न होऊन जाणार, मग जमिनीला फास कशाला? तिच्या धाकट्या भावासाठी तीन वर्षांनी त्याच जमिनीवर ट्रॅक्टरचं कर्ज काढलं तेव्हा चारही सह्या झाल्या. हे तिनं मला सहज सांगितलं, भाजी निवडता निवडता.

मला असिस्टंटशिप मिळाली होती, म्हणून माझ्या घरच्यांची ऐपत कुणी विचारलीच नाही. गुण आमचे जवळपास सारखे. गणितात तिचे जास्त. फरक एवढाच होता की मी अर्ज केलेल्या शाखेत कंपन्यांचा आणि सरकारचा पैसा होता आणि शुद्ध गणितात कमी. १९८९ च्या जुलैमध्ये मी ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसबाहेर पहाटे साडेतीनला फुटपाथवर रांगेत उभी होते. ती इमारत कधीकाळी वांकानेरच्या महाराजांचा राजवाडा होती. आत खिडकीपाशी मला दोन प्रश्न विचारले, आणि काम झालं.

आता आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं याच वाटेवर आहेत, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मला त्याबद्दल विचारणा होतात, म्हणून थोडं आजचं. पत्त्याचा प्रश्न जवळजवळ संपला. जे चाळीस पत्ते उतरवायला आम्ही दिवस घालवला ते आज झोपायच्या आधी फोनवर मिळतात. जी.आर.ई. २०११ मध्ये ३४० गुणांची झाली आणि २०२३ पासून दोन तासांच्या आत आटपते. कित्येक विभाग ती मागतही नाहीत. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, इतर कुठल्याही देशापेक्षा अधिक.

पण ऐपत महागली. पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्यांतले बहुतेक आता स्वतःच्या, म्हणजे आईबापांच्या, पैशानं जातात. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात, आणि ते तारण म्हणजे बहुधा राहतं घर. टाटांच्या कर्जात आणि या कर्जात हा फरक. त्यात सल्ला देणारे काही एजंट फुकट सल्ला देतात, कारण त्यांना दलाली विद्यापीठ देतं. म्हणून त्यांच्या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी विचारा. ब्रिटनमध्ये एम.एस्सी. एका वर्षात होते, खर्च वाचतो. पण शिक्षणानंतर कामासाठी राहण्याची सवलत तिथे २०१२ मध्ये बंद झाली आणि २०२१ मध्ये परत सुरू झाली, तेव्हा तिच्यावर हिशेब बांधताना जपून. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य सोडून. मात्र सप्टेंबर २०२४ पासून वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच गोठवलेल्या खात्यात ठेवून दाखवावे लागतात, आणि नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या पदव्यांची ए.पी.एस. तपासणी लागते. तिला वेळ लागतो, ती आधी करा. हा ऐपतीचाच दाखला, फक्त मामलेदाराऐवजी बँक देते. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. नाव कुणाचं आहे आणि का, हे वर आलंच आहे. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. मुदत थोडी असते आणि माहिती तालुक्याला उशिरा पोचते. पत्त्याचा प्रश्न ‘जवळजवळ’ संपला म्हणाले ते यासाठी.

फाइलमध्ये शेवटी दोन कागद आहेत. एक तिच्या पत्राची कार्बन कॉपी, ऑगस्ट १९८९: आर्थिक कारणामुळे या वर्षी येऊ शकत नाही, प्रवेश वर्षभर पुढे ढकलावा ही विनंती. लाल शाई त्यावर नाही. हे तिनं सरांना दाखवलं नव्हतं. दुसरा विद्यापीठाचा होकार, छापील फॉर्म, तारीख हातानं भरलेली: ऑगस्ट १९९० पर्यंत ग्राह्य. नव्वदच्या जूनमध्ये तिनं शेजारच्या तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला सुरुवात केली आणि चौतीस वर्षं शिकवलं. त्यांतले दोन विद्यार्थी पुढे परदेशी जाऊन पदव्युत्तर पदवी घेऊन आले. त्यांची शिफारसपत्रं तिनं लिहिली होती; नमुना म्हणून स्वतःचीच फाइल उघडली होती म्हणे. होकाराच्या त्या पाकिटावरचा तिकिटाचा कोपरा कापलेला आहे. मी विचारलं तर म्हणाली, मोठा मुलगा पाचवीत असताना तिकिटं जमवायचा.